प्रेस कौन्सिलची तक्रार सेवा: खेड्यातून वापरायची असेल तर

पेपरात चुकीचं किंवा घातक छापून आलं की गावात पानठेल्यावर दिवसभर चर्चा होते आणि कुणीतरी तालुक्याच्या वार्ताहराला फोन लावून भांडतं. दोन्हींतून हाती काही लागत नाही. वार्ताहराने पाठवलेला मजकूर जिल्ह्याच्या किंवा नागपूर-अमरावतीच्या डेस्कवर लागतो, मथळाही तिथेच पडतो आणि कायद्याने जबाबदारी असते संपादकाची. त्या संपादकाला लेखी जाब विचारायची वाट म्हणजे भारतीय प्रेस कौन्सिलची तक्रार सेवा. तिला फी नाही, वकील लागत नाही. ज्याच्याबद्दल छापलं त्यानेच तक्रार करावी अशीही अट नाही. कुणीही वाचक करू शकतो.

आमचं मत आधीच सांगतो. छापील मजकुराने एखाद्या माणसाचं, कुटुंबाचं किंवा गावाचं नुकसान झालं असेल आणि ते कागदावर दाखवता येत असेल, तर ही सेवा जरूर वापरावी. टीव्ही चॅनेल आणि यूट्यूबवरच्या बातम्यांसाठी ती नाहीच, कारण कौन्सिलचा अधिकार वृत्तपत्रं आणि वृत्तसंस्थांपुरता आहे. उद्या सकाळपर्यंत काही थांबवायचं असेल तरी उपयोग नाही. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे दिल्लीला कौन्सिलकडे कागद जाण्याआधीचा जो टप्पा आहे, संपादकाला पत्र लिहिण्याचा, त्यातच या सेवेचा निम्म्याहून जास्त फायदा आहे. लोक नेमका तोच टप्पा घाईत उरकतात.

ही संस्था काय आहे ते थोडक्यात. १९६५ च्या कायद्याने १९६६ मध्ये पहिली कौन्सिल आली, आणीबाणीत ती मोडली गेली, १९७८ च्या कायद्याने १९७९ मध्ये पुन्हा उभी राहिली. अध्यक्ष सोडून २८ सदस्य असतात. त्यांतले २० वृत्तपत्रसृष्टीतलेच: संपादक, पत्रकार, मालक-व्यवस्थापक आणि वृत्तसंस्थेचा एक. उरलेल्यांत ५ खासदार आणि विद्यापीठ अनुदान आयोग, बार कौन्सिल, साहित्य अकादमी यांचा प्रत्येकी एक. म्हणजे संपादकाचा निवाडा बहुतांशी त्याच्याच धंद्यातली माणसं करतात. म्हणून तक्रारीत रागाची भाषा चालत नाही. पत्रकारितेचा कोणता नियम कोणत्या ओळीत मोडला, हे बोट ठेवून दाखवावं लागतं.

कशाची तक्रार टिकते? शेतकरी आत्महत्येच्या बातमीपासून सुरुवात करू, कारण अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांत ती वर्षानुवर्षं एकाच साच्यात छापली जाते. "अल्पभूधारक शेतकऱ्याने नापिकी व कर्जबाजारीपणाला कंटाळून विषारी औषध प्राशन करून जीवनयात्रा संपवली." पुढे कधी औषधाचं कंपनीचं नाव, वावरातली नेमकी जागा आणि फोटो. प्रेस कौन्सिलने सप्टेंबर २०१९ मध्ये आत्महत्येच्या वार्तांकनाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली, ती जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींवर आधारलेली आहेत. पद्धतीचं स्पष्ट वर्णन नको, घटनेच्या जागेचा तपशील नको, सनसनाटी मथळा नको, फोटो-व्हिडिओ नको, बातमी ठळक जागी लावून पुन्हापुन्हा छापू नये, आणि आत्महत्या हा अडचणीवरचा उपाय वाटेल अशी भाषा नको. औषधाचं नाव आणि फोटो या दोन गोष्टींवर तक्रार पक्की होते. ज्या घरात तेच औषध फवारणीसाठी कोपऱ्यात ठेवलेलं आहे आणि तीच चिंता आहे, त्या घरात तो पेपर जातो. म्हणून हा नियम जीव वाचवण्याचा आहे, शिष्टाचाराचा नाही.

पण इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. नापिकी, कर्ज, कापसाचा भाव, बँकेचा तगादा हे बातमीत आलं म्हणून तक्रार करू नका. ते यायलाच हवं. एका माणसाच्या मरणाला एकच कारण चिकटवून मोकळं होणं चूक, हे खरं. पण त्यावरचा उपाय जास्त खोलात जाऊन लिहिणं हा आहे. कारणच छापू नका असं म्हणणं कास्तकाराच्या प्रश्नावर पांघरूण घालण्यासारखं होईल. शिवाय सरकारी मदतीची फाइल जिल्ह्याच्या समितीसमोर पात्र-अपात्र ठरण्यासाठी जाते तेव्हा घरच्यांना त्या कात्रणाचा आधार वाटतो.

दुसरा पक्का प्रकार म्हणजे अल्पवयीन मुलीवरच्या अत्याचाराची बातमी. "नाव बदलले आहे" असं कंसात टाकतात आणि त्याच बातमीत गावाचं नाव, मुलीची इयत्ता, बापाचा व्यवसाय. ऐंशी घरांच्या गावात आणखी काय सांगायचं राहिलं? पोक्सो कायद्याच्या कलम २३ मध्ये नाव, पत्ता, फोटो यांच्याबरोबर कुटुंबाचा तपशील, शाळा आणि शेजार हेही ओळख उघड करणारे तपशील म्हणून मोजले आहेत. शिक्षा किमान ६ महिने, कमाल १ वर्ष, किंवा दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे इथे प्रेस कौन्सिलच्या आधी पोलीस ठाणं. एप्रिल २०१८ मध्ये जम्मूतल्या कठुआच्या अत्याचार-खून प्रकरणातल्या मुलीची ओळख उघड करणाऱ्या माध्यमांना दिल्ली उच्च न्यायालयाने प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले होते, हे संपादकाला लिहायच्या पत्रात आवर्जून घालावं.

तिसरा प्रकार खोट्या माहितीचा. गाव टँकरमुक्त झाल्याची बातमी आणि गावात टँकर चालू, अशा वेळी ग्रामसभेचा ठराव किंवा टँकरच्या फेऱ्यांचं रजिस्टर जोडता आलं तर तक्रारीत जीव असतो. "आमच्या मोर्चाची बातमीच लावली नाही" ही तक्रार कायद्यात बसते, कारण न छापण्याबद्दलही तक्रार करता येते. पण काय छापायचं हे निवडण्याचा अधिकार संपादकाचा मानला जातो, त्यामुळे ती टिकणं फार अवघड.

आता कामाचं. बातमी दिसली त्या दिवशी पूर्ण पान जपून ठेवा. नुसतं कात्रण कापलं की तारीख, आवृत्ती आणि पान क्रमांक हातचे जातात. यवतमाळ आवृत्तीत आलेली बातमी नागपूर शहर आवृत्तीत नसते किंवा दुसऱ्या मथळ्याने असते, आणि "आमच्या अंकात असं काही नाही" हे उत्तर यायला तेवढं पुरतं. ई-पेपरवरून त्याच दिवशी पानाची पीडीएफ उतरवून घ्या, कारण संकेतस्थळावरचा मजकूर नंतर बदलतो आणि जुने अंक पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात पेपर येत असेल तर रद्दीत देण्याआधी किमान चार महिने गठ्ठा ठेवायला सांगा. झेरॉक्स रंगीत काढा. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये फोटोचा नुसता काळा चौकोन उरतो आणि फोटोवरच तक्रार असेल तर पुरावाच जातो.

मग पान उलटून शेवटच्या पानाच्या तळाशी बघा. अगदी बारीक अक्षरात मुद्रक, प्रकाशक आणि संपादकाचं नाव व पत्ता असतो. बऱ्याच पेपरांत संपादकाच्या नावापुढे "पीआरबी कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीसाठी जबाबदार" असं लिहिलेलं आढळतं. हा वृत्तपत्रं आणि पुस्तकांच्या नोंदणीचा १८६७ चा कायदा. १ मार्च २०२४ पासून त्याच्या जागी नवा नियतकालिक नोंदणी कायदा आला, तरी कुठे कुठे जुनी ओळ अजून छापलेली दिसते. पत्र याच नावाने, याच पत्त्यावर जायला हवं. तालुका प्रतिनिधीच्या व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मेसेज म्हणजे संपादकाला दिलेलं पत्र नव्हे. वार्ताहराचं नाव तक्रारीत मुख्य म्हणून घालूही नका. तालुक्याच्या वार्ताहराला पगार नसतो किंवा नावापुरता असतो, त्याची कमाई जाहिरातींच्या कमिशनवर चालते. त्याला धारेवर धरून पेपरचं धोरण बदलत नाही, गावाचा एक बातमी देणारा माणूस मात्र कायमचा तुटतो.

पत्र कसं असावं, ते इथे पूर्णच देतो:

"प्रति, संपादक, यवतमाळ आवृत्ती. दि. … च्या अंकात पान ४ वर, स्तंभ ३ व ४ मध्ये, '…' या मथळ्याची बातमी प्रसिद्ध झाली. बातमीत मृताने घेतलेल्या औषधाचं नाव आणि मृतदेहाचं छायाचित्र आहे. आत्महत्येच्या पद्धतीचं वर्णन आणि छायाचित्र देऊ नये, असं भारतीय प्रेस कौन्सिलने सप्टेंबर २०१९ मध्ये स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. ई-पेपर व संकेतस्थळावरून हे नाव आणि छायाचित्र काढावं, तसंच त्याच आवृत्तीत, त्याच पानावर दिलगिरी प्रसिद्ध करावी. लेखी उत्तर १५ दिवसांत कळवावं. उत्तर न आल्यास हा विषय प्रेस कौन्सिलपुढे नेण्यात येईल. सोबत: पानाची प्रत."

एवढंच. पेपर विकला गेलाय, पत्रकारिता मेली, असं एकही वाक्य घालू नका. त्या वाक्याला उत्तर देऊन संपादक मूळ मुद्दा टाळतो. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पावती आणि पोचल्याचा पुरावा दोन्ही जपा, त्याचीच स्कॅन प्रत ईमेलने. अशा पत्राने बरेचदा काम होतं. नियमाचं नाव घेऊन, पान-स्तंभ सांगून आलेलं पत्र डेस्कवर बाजूला टाकणं सोपं नसतं, आणि संकेतस्थळावरचा फोटो काढायला पेपरला एक पैसा लागत नाही. खुलासा छापून आला तर तो कुठल्या आवृत्तीत आणि कुठल्या पानावर आला हे मात्र तपासा. चूक पान १ वर आणि दुरुस्ती पान ९ च्या कोपऱ्यात असेल तर दुसरं पत्र लिहा. चुकीची दुरुस्ती तत्परतेने आणि ठळकपणे व्हावी हे कौन्सिलच्याच आचारसंहितेत आहे.

पत्राने भागलं नाही की दिल्ली. इथे सर्वांत जास्त तक्रारी मुदतीवर अडकायचा धोका असतो. दैनिक आणि साप्ताहिकाच्या बाबतीत बातमी छापल्यापासून २ महिने, पाक्षिक-मासिक वगैरेंसाठी ४ महिने. घड्याळ छापल्याच्या तारखेपासून चालतं, संपादकाच्या उत्तरापासून नव्हे. योग्य कारण दिलं तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर भिस्त ठेवू नये. १ जुलैला बातमी आली असं धरा. ७ जुलैपर्यंत पत्र पोस्टात पडावं, २५ जुलैपर्यंत वाट बघावी, महिनाअखेर भाषांतर आणि प्रतिज्ञापन तयार करावं, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाकीट रवाना करावं. मग काही कागद राहिला म्हणून परत आलं तरी दुरुस्तीला तीन आठवडे हाताशी राहतात. पेरणी-डवरणीच्या दिवसांत हे वेळापत्रक पाळणं सोपं नाही, म्हणून गटात एकाकडेच तारखांची जबाबदारी द्यावी.

पाकिटात काय: तक्रारदाराचं नाव, पत्ता, सही, पेपरचं नाव, संपादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता, मूळ पान किंवा स्वतः साक्षांकित केलेली प्रत, तिचं इंग्रजी भाषांतर, संपादकाला लिहिलेल्या पत्राची प्रत आणि उत्तर आलं असेल तर तेही, आणि मजकूर कोणत्या प्रकारे आक्षेपार्ह आहे याचं विवेचन. शेवटी प्रतिज्ञापन, की दिलेली माहिती खरी आहे आणि या विषयावर कोणत्याही न्यायालयात प्रकरण चालू नाही. न्यायालयात चालू असलेल्या विषयाची चौकशी कायद्याच्या कलम १४ मुळे कौन्सिल करूच शकत नाही. म्हणून बदनामीचा दावा आणि कौन्सिलची तक्रार एकाच वेळी करू नये. आधी एक ठरवा. पत्ता: सचिव, भारतीय प्रेस कौन्सिल, सूचना भवन, ८, सीजीओ कॉम्प्लेक्स, लोधी रोड, नवी दिल्ली ११०००३.

भाषांतर हा खेड्यातल्या तक्रारीचा सर्वांत कच्चा भाग. मोबाइलने केलेलं भाषांतर "औषध प्राशन केले" याचं "दवा घेतली" अशा अर्थाचं इंग्रजी करून टाकतं, म्हणजे कीटकनाशकाऐवजी गोळी, आणि तक्रारीचा मुद्दाच उडतो. तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक असतात, त्यांच्याकडून आक्षेप असलेली वाक्यं तरी तपासून घ्या. बातमी पूर्ण भाषांतरित करा, आक्षेपाच्या ओळी अधोरेखित करा. एका तक्रारीत एकच बातमी. चार पेपरांच्या सहा बातम्या एकत्र बांधल्या की एकाही संपादकाला नेमका प्रश्न पोचत नाही. आणि गटाच्या नावाने करायची असली तरी सही एका जित्या-जागत्या माणसाची हवी, जो नोटिशीला उत्तर देईल आणि गरज पडली तर सुनावणीला जाईल.

कुटुंबाला विचारल्याशिवाय हे काहीही करू नका. तक्रारीची फाइल म्हणजे त्याच दुःखाचा आणखी एक कागद असतो. पीडित मुलीच्या प्रकरणात तक्रारीतही नाव घालू नये.

तक्रार दाखल करून घेतली की संपादकाला नोटीस जाते, त्याचं म्हणणं येतं, मग चौकशी समितीपुढे सुनावणी. समिती दिल्लीबाहेरच्या शहरांतही बसते, पण गडचिरोली किंवा मेळघाटातल्या माणसाला कुठलंही शहर लांबच. सगळं लेखी भक्कम असावं ते यासाठीच. दोष सिद्ध झाला तर कौन्सिल पेपरला इशारा देऊ शकते, समज देऊ शकते, निषेध नोंदवू शकते, आणि निर्णयाचा तपशील त्या पेपरात छापायला सांगू शकते. दंड नाही, तुरुंग नाही, नुकसानभरपाई नाही, जाहिराती बंद करण्याचा अधिकारही नाही. हा या सेवेचा सर्वांत मोठा दोष आहे आणि तो कायद्यातच आहे. निर्लज्ज मालकापुढे निषेधाची ओळ फार काही करत नाही. नाव राखून असलेल्या पेपराला मात्र ती झोंबते.

मालकांचं वजन कुठवर चालतं याचा दाखलाही नोंदवायला हवा. २००९ च्या निवडणुकांत, महाराष्ट्रातही, पैसे घेऊन बातम्या छापल्याचं उघड झाल्यावर कौन्सिलने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. त्यांनी पेपरांची नावं घेऊन ७१ पानांचा अहवाल दिला. २०१० मध्ये कौन्सिलने नावं वगळलेली छोटी आवृत्ती काढली. पूर्ण अहवाल माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये बाहेर आला. मोठ्या पेपरांच्या मोठ्या व्यवहारांवर या दारातून न्याय मिळेल ही आशा म्हणून कमीच ठेवावी.

लोकसभा-विधानसभा निवडणुकीतल्या पेड न्यूजसाठी जास्त वेगाने चालणारी सोय आहे: जिल्हाधिकारी कार्यालयातली माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती, म्हणजे एमसीएमसी. तिथे इंग्रजी भाषांतर लागत नाही. समितीला बातमी पेड वाटली तर निवडणूक निर्णय अधिकारी उमेदवाराला ९६ तासांच्या आत नोटीस देतो, उमेदवाराला उत्तरासाठी ४८ तास. पेड ठरली की तिचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात जातो, आणि हे उमेदवाराला खऱ्या अर्थाने टोचतं. तक्रारीत दोन वेगळ्या पेपरांतला शब्दशः सारखा मजकूर शेजारी-शेजारी चिकटवून द्या. त्याहून बोलका पुरावा नाही.

टीव्हीसाठी २०२१ च्या केबल टीव्ही नियमांनी तीन पायऱ्या केल्या आहेत: आधी चॅनेल, त्याने १५ दिवसांत उत्तर द्यायचं, मग चॅनेलांचीच स्वनियमन संस्था, तिला ६० दिवस, मग केंद्र सरकार. गावच्या केबलवरच्या स्थानिक चॅनेलबद्दल जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा संनियंत्रण समिती असते, तिला अर्ज करा. यूट्यूबवरच्या बातम्यांचं सध्या अवघड आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतला, डिजिटल बातम्यांना आचारसंहिता बंधनकारक करणारा भाग मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगित केला.

एक शेवटचा प्रकार, ज्याकडे गावात कुणी बघत नाही: जाहिरातीची बातमी. सरपंचाच्या कामाचं अर्धं पान कौतुक, वर कुठे "जाहिरात" हा शब्द नाही. बातमी आणि जाहिरात वाचकाला वेगळी ओळखता आली पाहिजे, असं कौन्सिलची आचारसंहिता सांगते. पुरावा असतो ग्रामपंचायतीच्या दप्तरात. माहिती अधिकाराचा जोडपत्र 'अ' अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, १५० शब्दांच्या आत, एकच विषय: अमुक महिन्यात वृत्तपत्रांना दिलेल्या जाहिरातींची बिलं, ठराव आणि धनादेश क्रमांक. पंचायतीच्या माहिती अधिकाऱ्याला ३० दिवस मिळतात, न दिल्यास पंचायत समितीकडे पहिलं अपील, त्याला २० रुपये. म्हणजे २ महिन्यांच्या मुदतीतला निम्मा काळ यातच जातो, म्हणून असं पान दिसलं की त्याच आठवड्यात माहिती अधिकाराचा अर्ज आणि संपादकाला पत्र दोन्ही टाकावं. बिल वेळेत हाती आलं नाही तरी तक्रार मुदतीत दाखल करा, अर्जाची पोच जोडा, आणि बिल मिळताच ते तक्रारीचा संदर्भ देऊन पुरवणी पुरावा म्हणून दिल्लीला पाठवा.